चिठ्ठी परत डब्यात

मोंटे कार्लोच्या जुगारघरातल्या त्या रात्रीबद्दल बोलायचं कबूल केलंय, तिकडे येतोच. पण आधी आमच्या चाळीतली भिशी.

बारा बायका, बारा चिठ्ठ्या, महिन्याला एक उघडायची. जिचं नाव निघालं तिची चिठ्ठी फाडायची, म्हणजे वर्षभरात प्रत्येकीला रक्कम मिळतेच. हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडे त्याच दिवशी आणखी एक सोडत व्हायची, स्टीलच्या भांड्याची. तिथे निघालेली चिठ्ठी घडी घालून परत डब्यात. दर महिन्याला बाराही जणींना आशा राहावी म्हणून.

एका वर्षी शेजारच्या काकूंचं नाव चैत्रात निघालं आणि वैशाखात पुन्हा. डबा त्यांच्याच घरचा. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण ‘लागोपाठ कसं काय?’ हे जिन्यात, नळावर ऐकू यायचं. काकूंनी दुसरं पातेलं परत केलं आणि भिशी सोडली. मी चौथीत होतो. पातेलं घेऊन जिना चढणाऱ्या काकू अजून डोळ्यांपुढे आहेत. त्यांच्या बाजूने गणित होतं, आणि ते मांडणारं चाळीत कुणी नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

पाहा ना. चिठ्ठी परत गेली, डबा नीट हलवला, की वैशाखाच्या सोडतीवर चैत्राचा काही परिणाम उरत नाही. (हलवणं विसरू नका. तीच चिठ्ठी वर राहिली तर पुढचं गणित कोसळतं.) या स्वतंत्र घटना, म्हणून गुणाकार. दोन्ही महिने काकूच: १/१२ गुणिले १/१२, म्हणजे १४४ मध्ये एक. संशय इथूनच आला. पण काकूच कशाला? कुणाचंही नाव लागोपाठ आलं असतं तरी कुजबुज झालीच असती! चैत्रात कुणीतरी निघणारच, वैशाखात तीच निघण्याची संभाव्यता १/१२. शिवाय वर्षात लागोपाठच्या अकरा जोड्या. एकदाही तसं न घडण्याची संभाव्यता ११/१२ चा अकरावा घात, साधारण ०.३८. म्हणजे अशा शंभर वर्षांपैकी बासष्टांत कुणीतरी लागोपाठ निघेल अशीच अपेक्षा धरायची.

पाच मिनिटं उरली म्हणतायत. बरं, मोंटे कार्लो.

१८ ऑगस्ट १९१३. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोटी सोडून खेळायचा जुगार. त्याच्या चाकावर ३७ खाने: १८ काळे, १८ लाल, एक शून्याचा. गोटी लागोपाठ २६ वेळा काळ्यावर थांबली. ‘आता लाल येणारच’ म्हणत लोक लालवर पैसे वाढवत गेले आणि बुडाले. आधीच ठरवलेले २६ डाव काळे येणं म्हणजे १८/३७ चा सव्विसावा घात, सुमारे १३ कोटी ६८ लाखांत एक. पण पंचवीस काळे येऊन गेल्यावर सव्विसावा काळा? फक्त १८/३७. लोकांनी चाकाला भिशी समजून पैसे लावले. भिशीत अकरा महिने नाव निघालं नाही तर बाराव्याला निघतंच, कारण बाकीच्या अकरा चिठ्ठ्या फाडलेल्या असतात. चाकावरचा काळा खाना कुणी काढून टाकत नाही. सत्ताविसाव्या डावालाही अठराच्या अठरा जागेवर होते.