वाईनच्या बागेसाठी आधी काय विसरायचं

(सांगलीत द्राक्ष बागायतदारांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, तासगाव, पलूस, मिरज पूर्वभागातल्या माणसाला द्राक्ष कसं लावायचं हे सांगायची गरज नाही. तेव्हा आज बोलू ते वाईनच्या बागेत तुमच्या हाताला लागलेल्या कुठल्या सवयी नडतात त्याबद्दल.

सुरुवात लावणीच्याही आधीपासून. थॉमसन किंवा सोनाकाचा माल व्यापाऱ्यानं नाकारला तर तुम्ही शेडवर नेता, बेदाणा करता आणि शीतगृहात ठेवून भावाची वाट बघता. कॅबरने सोव्हिन्यॉ किंवा शिराझ या वाईनच्या वाणांना ती सोय नाही. मणी लहान, साल जाड, आत बिया. खायला कोण घेणार आणि त्याचा बेदाणा कोण करणार? राज्याचं २००१ चं धोरण आलं, पलूसला वाईन पार्क उभा राहिला, तरी हा हिशेब बदललेला नाही. वाईनरीशी लेखी करार झाल्याशिवाय एक काडीही लावू नका. करारात वाण, ब्रिक्स (रसातली साखर), आम्लता, तोडणीचा दिवस कोण ठरवणार आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे सगळं लिहून घ्या. आणि स्वतःच वाईन करायची असेल तर उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आधी, टाकी नंतर.

आता खुंट, म्हणजे ज्यावर कलम करायचं तो मुळाचा वेल. आपल्याकडे डॉगरिज या खुंटावर सगळ्यांचा जीव. पाणी खारट, तिथंही तो टिकतो हे खरंच. पण तो जोर फार करतो आणि पालाश (पोटॅशियम) भरपूर उचलतो. पालाश रसात गेलं की सामू (पीएच) चढतो, आणि सामू ३.८ च्या पुढे गेलेली लाल वाईन रंगानं मळकट होते, जिवाणूंनाही लवकर बळी पडते. जमीन साथ देत असेल तर वाईनसाठी ११०-आर बरा. जानेवारी-फेब्रुवारीत खुंट लावा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाचर कलम करा आणि पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत थंडी ओसरताना रिकट घ्या, म्हणजे कलमाची वाढ खाली छाटून नवी फूट काढा. अंतर ८ बाय ४ फूट धरलं तर एकरी १,३६१ वेली बसतात. मंडप नको. एका ओलांड्यावर (तारेवरच्या आडव्या खोडावर) काड्या सरळ वर चढवणारी उभी तार पद्धत घ्या. ओळी दक्षिणोत्तर ठेवल्या तर पश्चिमेची बाजू दुपारी तापते. म्हणून घडाजवळची पानं काढायची ती फक्त पूर्वेकडची. दोन्ही बाजू उघड्या केल्यात तर फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात मणी भाजतात.

एप्रिलची खरड छाटणी तुमच्या ओळखीची. डोळ्यातला पुढचा घड, म्हणजे सूक्ष्मघड, त्याच हंगामात ठरतो, त्यामुळं ४५ व्या दिवसाचं देठ परीक्षण इथंही चुकवायचं नाही. गर्दी करणाऱ्या फुटी आणि बगलफुटी वेळेवर काढा. सावलीतल्या डोळ्यात घड बसत नाही.

खरा पेच फळछाटणीच्या, म्हणजे घडासाठीच्या दुसऱ्या छाटणीच्या, तारखेचा. सप्टेंबरच्या सुरुवातीला छाटली तर परतीचा पाऊस नेमका पोंगा (डोळे फुटण्याची अवस्था) आणि फुलोऱ्यात गाठतो आणि डाऊनी या बुरशीच्या रोगानं घड जातात. नोव्हेंबरपर्यंत थांबलात तर माल मार्चअखेर पिकतो. दिवसा पारा पस्तिशीच्या पुढे, रात्रीही गरम. साखर धावते, मॅलिक आम्ल मात्र मण्याच्या श्वसनातच जळून जातं. सॉव्हिन्यॉ ब्लँकसारख्या पांढऱ्या वाणाचा तर सुगंधच उडतो. म्हणून पांढरे वाण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, लाल त्यानंतर, असं बहुतेकांना जमतं. डाऊनीची जोखीम घ्यायचीच असेल तर पांढऱ्यासाठी घ्या. १ टक्का बोर्डो, म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, छाटणी झाल्याबरोबर काड्यांवर आणि ओलांड्यावर मारा.

घड लागल्यावर मात्र जीएचा, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाचा, डबा कपाटात ठेवा. खायच्या द्राक्षात मणी फुगवला की भाव मिळतो. वाईनमध्ये रंग, टॅनिन आणि सुगंध बहुतांशी सालीतून येतो, फुगलेल्या मण्यात गराच्या मानानं साल कमी पडते. हीच गोष्ट पाण्याची. मणी बसल्यापासून रंग येईपर्यंत थोडा ताण दिला तर मणी लहान राहतो. पण रंग आल्यावर एकदम भरपूर पाणी सोडू नका, मणी तडकून कुज शिरते. गोडी यावी म्हणून शेवटी ०-०-५० हे पालाशचं खत मारायची सवयही सोडा, सामूचं कारण वर सांगितलंच. गंधक तोडणीच्या महिनाभर आधी बंद. उरलेलं गंधक यीस्ट सडक्या अंड्याच्या वासात बदलतं आणि मग दोष वाईनरीवर ढकलला जातो.

तोडणीचा दिवस चवीवर ठरवू नका. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे-खालचे मिळून शंभर मणी घ्या, रस काढा, ब्रिक्स, आम्लता आणि सामू आठवड्यातून दोनदा मोजा. पांढऱ्याला २० ते २२ ब्रिक्स, लालला २२ ते २४. लालच्या बिया तपकिरी झाल्या आहेत का, तेही चावून बघा. पहाटे तोडा, २० किलोच्या क्रेटमध्ये भरा. ट्रॉलीत ढीग घालून आणलेला माल वाटेतच फुटतो आणि आंबायला लागतो.

वाईनरीत पहिलं काम देठ वेगळे करणं. १०० लिटर रसाला ८ ते ९ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाकलं की सुमारे ५० पीपीएम सल्फर डायऑक्साइड मिळतो. पांढऱ्याचा रस लगेच पिळून रात्रभर थंड ठेवायचा, गाळ बसला की वरचा निवळ घ्यायचा. यीस्ट १०० लिटरला २० ते २५ ग्रॅम, दहापट कोमट पाण्यात, ३५ ते ४० अंशांना, वीस मिनिटं भिजवून. थंड रसात एकदम ओतलं तर तापमान अचानक उतरून यीस्टला झटका बसतो आणि आंबवण मध्येच अडकते. पांढरी १४ ते १६ अंशांवर, लाल २५ ते २८ वर. लालमध्ये साली वर येऊन थर धरतात. तो दिवसातून दोन-तीनदा दाबला नाही तर वरून वाळतो आणि व्हिनेगरचे जिवाणू तिथंच घर करतात. २३ ब्रिक्समधून साधारण १२.५ ते १३ टक्के अल्कोहोल येतं.

लाल पिळून झाल्यावर मॅलोलॅक्टिक, म्हणजे जिवाणूंनी तिखट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक करणं, होऊ द्या आणि त्यानंतरच पुढचं सल्फाइट. आधी टाकलं तर ते जिवाणू दबून राहतात आणि मागाहून बाटलीत जागे होऊन वायू करतात. गाळावरून वाईन उपसताना टाकी काठोकाठ भरलेली हवी. अर्धी टाकी म्हणजे वर अर्धी हवा. पांढऱ्याला निवळण्यासाठी बेंटोनाइट (एक प्रकारची माती) लागतं, पण प्रमाण आधी बाटलीभर नमुन्यावर ठरवा, कारण जास्त झालं तर सुगंधही घेऊन जातं. हा उपसा एप्रिलमध्ये येतो, खरड छाटणीही त्याच महिन्यात. मजूर दोन्हीकडे एकदम लागतात, त्याची बोलणी मार्चमध्येच करून ठेवा.