सिग्नलवर बंद होणारे इंजिन : पिकअप ट्रकमधील स्टार्ट-स्टॉप

उदाहरणादाखल घेतलेली गाडी फोर्ड कंपनीची एफ-१५० ही पिकअप आहे. मिशिगनमधील डिअरबॉर्न आणि मिसुरीतील कॅन्सस सिटी येथील कारखान्यांत ती तयार होते, आणि ती ज्या एफ-मालिकेत मोडते ती १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारी पिकअप मालिका आहे. लाल दिवा लागतो, चालक ब्रेक दाबतो, गाडी पूर्ण थांबते आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा खाली येतो. दिवे, रेडिओ आणि एसीचा पंखा चालू असतात. इंजिन मात्र बंद झालेले असते. ब्रेकवरचा पाय उचलताच ते पुन्हा सुरू होते. हीच स्टार्ट-स्टॉप यंत्रणा. या साध्या वाटणाऱ्या क्रियेवरून अमेरिकेतील पिकअपमालकांमध्ये जितकी चिडचिड झाली आहे, तितकी गाडीतील दुसऱ्या एखाद्या सोयीवरून क्वचितच झाली असेल.

कल्पना नवी नाही. जपानमध्ये टोयोटाने १९७४ साली क्राउन या मोटारीत ती वापरून पाहिली होती, आणि पुढे युरोपातील छोट्या मोटारींत ती रुळली. पिकअपमध्ये ती बरीच उशिरा आली. रॅम १५०० या पिकअपच्या २०१३ सालच्या एका काटकसरी व्ही-६, म्हणजे सहा सिलिंडरच्या, आवृत्तीत ती होती. २०१५ मध्ये एफ-१५० च्या २.७ लिटर टर्बो इंजिनासोबत ती सरसकट मिळू लागली, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच गाडीच्या इतर इंजिनांपर्यंत पोहोचली.

पिकअपमध्ये ही यंत्रणा आणण्याचे कारण इंजिनाच्या आकारात आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २ लिटरचे पेट्रोल इंजिन नुसते उभे राहून तासाला ०.१६ गॅलन इंधन जाळते, तर ४.६ लिटरचे इंजिन ०.३९ गॅलन, म्हणजे जवळजवळ दीड लिटर. इंजिन मोठे तितकी बचत अधिक, हे उघड आहे. परंतु इंजिन मोठे तितका पुन्हा सुरू होतानाचा हिसका आणि आवाजही अधिक, हे त्याच नाण्याचे दुसरे अंग आहे. छोट्या मोटारीत जे जाणवतही नाही, ते व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या, पिकअपमध्ये आसनापर्यंत येऊन पोहोचते.

या बचतीचा हिशेब सरकारी चाचणीत पूर्णपणे उतरत नाही, कारण प्रयोगशाळेतील ठरावीक चक्रात गाडी जितका वेळ उभी असते, त्याहून अधिक वेळ ती शहरातील खऱ्या रस्त्यावर उभी असते. म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, उत्सर्जनाच्या मर्यादेचा हिशेब करताना चाचणीबाहेरच्या फायद्यासाठी वेगळे गुण ठेवले. स्टार्ट-स्टॉपसोबत हिवाळ्यात गरम पाणी हीटरमध्ये फिरवत राहणारा विद्युत पंप असेल, तर मोटारीला मैलामागे २.५ ग्रॅम आणि पिकअपसारख्या गाडीला ४.४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची सूट मिळे. तो पंप नसेल, तर हेच आकडे १.५ आणि २.९ वर येत. ही यंत्रणा बसवलीच पाहिजे, अशी सक्ती कुठल्याही नियमाने केलेली नव्हती. कंपन्यांनी हिशेब केला आणि ती बसवली.

आता बॉनेट उघडून पाहू. जुन्या पद्धतीचा स्टार्टर, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, दिवसातून चार-सहा वेळा फिरावा, या अपेक्षेने बनवलेला असतो. स्टार्ट-स्टॉप गाडीतील स्टार्टर त्याच्या कित्येक पट वेळा फिरणार, हे गृहीत धरून त्याचे दाते, ब्रश आणि सोलेनॉइड (विद्युत-चुंबकी खटका) अधिक टिकाऊ केलेले असतात. प्रत्येक वेळी इंजिन सुरू होताना पहिल्या क्षणी क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा थर पातळ असतो, म्हणून अनेक उत्पादक त्या बेअरिंगवर पॉलिमरचा लेप देतात. स्वयंचलित गिअरबॉक्सचीही एक अडचण असते. त्याच्या क्लचना धरून ठेवणारा तेलाचा दाब इंजिनावर चालणारा पंप निर्माण करतो. इंजिन थांबले की तो दाब जातो आणि हिरवा दिवा लागल्यावर गाडी क्षणभर लटकते. यावर उपाय म्हणून काही गिअरबॉक्सांत छोटा विद्युत पंप असतो, तर काहींत स्प्रिंगच्या जोरावर थोडे तेल दाबून साठवणारी कुपी असते, जी इंजिन सुरू होताच ते तेल एकदम परत सोडते. तेव्हा ‘रोज शंभरदा सुरू-बंद करून इंजिनाची वाट लागणार’ ही भीती समजण्यासारखी असली, तरी ज्या इंजिनाची ही भीती वाटते ते मुळातच वेगळे घडवलेले असते.

रॅम १५०० ने २०१९ मध्ये वेगळा मार्ग धरला. ई-टॉर्क नावाच्या त्या व्यवस्थेत अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या जनित्राच्या, जागी ४८ व्होल्टची मोटर-जनित्र जोडी असते आणि ती पट्ट्याच्या साहाय्याने इंजिन फिरवते. दात्यांचा खडखडाट नाही, हिसकाही जवळजवळ नाही. माझ्या मते पिकअपसाठी हाच खरा तोडगा होता. मात्र त्यासाठी वेगळी लिथियम-आयन बॅटरी आणि अधिक गुंतागुंत पत्करावी लागते.

इंजिन कधी बंद करायचे, हे संगणक ठरवतो, आणि त्याला नकार देण्याची पुष्कळ कारणे असतात. इंजिन पुरेसे तापलेले नसेल, बॅटरी भरलेली नसेल, केबिन अजून थंड झालेली नसेल, काचेवरचे दव घालवणारी हवा चालू असेल, गाडी तीव्र चढावर असेल, तर इंजिन चालूच राहते. फोर्डने एफ-१५० मध्ये ट्रेलर ओढताना आणि फोर-बाय-फोर चालू असताना ही यंत्रणा आपोआप बाजूला ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे. मागे बोट बांधून पाण्याच्या उतारावर उभ्या असलेल्या माणसाला इंजिन बंद झालेले परवडणार नाही. मे महिन्यात टेक्सासमधील चालकाला मात्र वेगळाच अनुभव येतो. थांब्यावर इंजिन बंद होते, एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत असल्याने तोही थांबतो, थंड हवा हळूहळू कोमट होते, आणि मग दिवा लाल असतानाच इंजिन स्वतःहून सुरू होते. गाडीत बिघाड झालेला नसतो. केबिनचे तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलेले असते.

चिडचिडीचे मूळ हिसक्यापेक्षाही हुकूम कोणाचा या प्रश्नात आहे, असे मला वाटते. मुंबई-पुण्यात सेकंद मोजणारा सिग्नल दिसला की अनेक रिक्षावाले स्वतःच इंजिन बंद करतात, आणि त्यांना त्याचा राग येत नाही. हाताने गिअर टाकायच्या स्टार्ट-स्टॉप मोटारींतही चालक न्यूट्रल करून क्लच सोडतो तेव्हाच इंजिन थांबते. म्हणजे तिथेही इशारा त्याचाच असतो. स्वयंचलित गिअरच्या पिकअपमध्ये असा इशारा देण्याची जागा फक्त ब्रेकचे पॅडल उरते, आणि थांबण्यासाठी तर ते दाबावेच लागते.

तरीही ते पॅडल वापरून बरेच साधता येते. अनेक मॉडेलांत गाडी जेमतेम धरून ठेवेल इतकाच ब्रेक दाबला, तर इंजिन चालू राहते. नंतर पॅडल जोराने दाबले की ते बंद होते. थांबा-पाटीवर दोन सेकंदांसाठी थांबायचे असेल, तर हलका पाय आणि लांब सिग्नल असेल, तर भरदार पाय, एवढी सवय पुरेशी आहे. शिकागोजवळच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासानुसार दहा सेकंदांहून अधिक काळ उभे राहायचे असेल, तर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करणेच इंधनाच्या दृष्टीने फायद्याचे असते. पायाला हिशेब शिकवताना हाच आकडा धरावा.

डॅशबोर्डवरील ‘ए’ अक्षराभोवती गोल बाण असलेले बटण ही यंत्रणा बंद करते, पण पुढच्या वेळी गाडी सुरू केली की ती परत चालू झालेली असते. यात कंपनीचा हट्ट नाही. सरकारी चाचणी गाडीच्या मूळ स्थितीत होते, आणि चालकाने एकदा बंद केलेली यंत्रणा कायम बंद राहणार असेल, तर तिची बचत कंपनीला पूर्णपणे मोजता येत नाही. बटणाची निवड लक्षात ठेवणारी छोटी उपकरणे बाजारात मिळतात. वॉरंटीच्या काळात ती लावण्यापूर्वी मालकाने दोनदा विचार करावा.

पैशांचा हिशेब रोकडा मांडू. मोठ्या इंजिनाची पिकअप दिवसाला २० मिनिटे सिग्नलवर बंद राहिली, तर सुमारे अर्धा लिटर पेट्रोल वाचते. कामाचे २५० दिवस धरले, तर सव्वाशे लिटर, आणि गॅलनला ३ डॉलर भाव धरला, तर वर्षाला १०० डॉलरच्या आसपास. महामार्गावर धावणाऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला यातले जवळजवळ काहीच येत नाही. उलट बाजूला बॅटरी आहे. या गाड्यांना काचेच्या तंतूंच्या थरात आम्ल शोषून ठेवणारी, एजीएम प्रकारची किंवा तत्सम बॅटरी लागते, आणि ती साध्या बॅटरीपेक्षा महाग असते. पैसे वाचवण्यासाठी साधी बॅटरी बसवली, तर ती लवकर दम तोडते. जीप ग्लॅडिएटर या पिकअपमध्ये तर मुख्य बॅटरीशिवाय फ्यूज-पेटीखाली दडलेली दुसरी छोटी बॅटरीही असते, आणि ती खराब झाली की मुख्य बॅटरीलाही खाली ओढते.

२०२१ मध्ये चिपच्या तुटवड्यामुळे जनरल मोटर्सने व्ही-८ इंजिनाच्या काही पिकअपमधून ही यंत्रणा काढली आणि ग्राहकांना त्याबद्दल ५० डॉलरची सूट दिली. सूट मिळाली, त्रासही गेला, म्हणून अनेक ग्राहक खूश झाले असतील. मे २०२५ मध्ये ईपीएचे प्रमुख ली झेल्डिन यांनी या यंत्रणेला मिळणाऱ्या प्रोत्साहनाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. धोरण बदलले तरी गेल्या दशकात विकल्या गेलेल्या गाड्या रस्त्यावर आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात राहणारच आहेत. अशी गाडी घेताना इंजिन तापू द्यावे, सीटबेल्ट बांधावा, एसी बंद करावा, मोकळ्या रस्त्यावर थोडी चालवून सपाट जागी थांबवावी आणि ब्रेक घट्ट दाबावा. असे दोन-तीनदा करूनही इंजिन बंद झाले नाही, तर पहिला संशय बॅटरीवर घ्यावा, आणि ती बदलली असल्यास नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात केली आहे की नाही, हे विक्रेत्याला विचारावे.