घुमणारा चंबू आणि एक उन्हाळी गाणं

श्रोतेहो, नमस्कार. वळवाची वाट बघत यात्रांचा हंगाम चाललाय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मांडवांत रात्री ऑर्केस्ट्रा रंगतोय. त्यात एखादं इंग्रजी गाणं बसवायचं मनात असेल, तर ‘इन द समरटाइम’ बसवा. ‘मुंगो जेरी’ या ब्रिटिश बँडचं हे गाणं १९७० सालचं. बँडचा गायक रे डॉर्सेटनं ते जेमतेम दहा मिनिटांत रचलं आणि ब्रिटनमध्ये ते सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

बँडमध्ये ड्रमवाला नव्हताच. पायाचा ठेका, गिटार, बँजो, पियानो, डबल बेस, एवढ्यावर भागवलं. आपल्याकडे घोळ इथंच होतो. ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम, सुरू झाला की गाण्यातली सगळी हवा जाते. तबलजीनं सरळ केरवा धरला तरी तेच. हा ठेका झोक्याचा. एका मात्रेचे तीन भाग पाडा. पहिला बोल दोन भाग लांबवा, दुसरा एका भागात उरका. लाकडी फळीवर टाच आपटली तरी पुरे.

मूळ पट्टी पांढरी तीन. चार-चार मात्रांची बारा घरं मोजायची, घरागणिक कॉर्ड असे: चार ‘सा’वर, दोन ‘म’वर, परत दोन ‘सा’, एक ‘प’, एक ‘म’ आणि शेवटी दोन ‘सा’. पेटीवाला हमखास फसतो तो नवव्या घरात. ‘प’वर रेंगाळतो, तोवर गायक पुढं गेलेला असतो.

आता खरी गंमत. गाण्यात जो भुम्म-भुम्म घुमारा ऐकू येतो, तो ‘जग’ (jug) या वाद्याचा, म्हणजे तोंडानं फुंकायच्या साध्या भांड्याचा. खानापूरच्या मातीकामातला अरुंद गळ्याचा चंबू बघा; टिचकी मारून तडा नाही याची खात्री करा. लोणच्याची बरणी चालत नाही, तोंड रुंद पडतं. ओठ काठाला चिकटवू नका. बोटभर लांब धरा आणि शिंग फुंकताना थरथरवतो तसे थरथरवा. सूर ओठांचा, भांडं तो फक्त घुमवतं. ओठ आवळले की सूर चढतो, सैल सोडले की उतरतो. सलग फुंकाल तर घेरी येईल. मध्ये श्वास घ्या.

मुळात गाणं दोनेक मिनिटांतच संपायचं. निर्माता बॅरी मरेनं तीच टेप पुन्हा जोडली आणि सांधा झाकायला मध्ये गाडीचा आवाज घातला. ऐकताना मोटारसायकल वाटते, होती ट्रायम्फ स्पोर्ट्स कार! ही ठिगळबाजी कुणाला खटकत नाही, कारण गाण्याला कुठं पोचायची घाईच नाही. मे महिन्यातल्या दुपारीसारखं ते तिथंच लोळतं.

पिऊन गाडी काढा म्हणणारी त्यातली ओळ मात्र गाळा. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये नेमकं हेच गाणं मद्यपी चालकांविरुद्धच्या जाहिरातीत वापरलं गेलं. चोर्ला घाटानं गोव्याहून परतणाऱ्यांना अर्थ फोडून सांगायला नको.

आणि गाडीच्या आवाजासाठी बुलेट मांडवात आणू नका. आधीच मोबाईलवर टिपून ठेवा, तोही सायलेन्सरपासून चार-पाच हात लांबून. जवळून घेतला तर आवाज फाटतो.