केळीचे इथिलीन आणि क्षणभराचा रेणू

रावेर-यावलच्या शिवारातून बाहेर पडणारी केळी पिकू लागली की इथिलीन वायू सोडते. रायपनिंग चेंबरमध्ये हाच वायू मोजून सोडतात, हे खान्देशातील केळी उत्पादकांना वेगळे सांगायला नको. मोकळ्या हवेत मात्र इथिलीनच्या काही रेणूंची गाठ ओझोनशी पडते. तेव्हा त्यातील दुहेरी बंध तुटून एकीकडे फॉर्माल्डिहाइड तयार होते आणि दुसरीकडे एक कार्बन, दोन हायड्रोजन व दोन ऑक्सिजन अणूंचा अतिशय क्रियाशील रेणू. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्रीगे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुळातला हा सर्वांत साधा रेणू होय. दमट हवेत तो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाही क्वचितच टिकतो. त्यामुळे क्रीगे यांनी १९४९ च्या सुमारास मांडलेल्या या कल्पनेला वायुरूपातील अवरक्त वर्णपटाची (रेणू कोणत्या तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश शोषतो याच्या नोंदीची) साक्ष मिळायला २०१३ साल उजाडले.

ओझोनच्या वाटेने हा रेणू सावकाश बनतो आणि बनताच संपतो, म्हणून प्रयोगशाळेत दुसरी वाट धरतात. नळीतील डायआयोडोमिथेनच्या, म्हणजे आयोडीनचे दोन अणू असलेल्या संयुगाच्या, वाफेवर अतिनील लेसरचा स्पंद पडताच एक आयोडीन अणू सुटतो आणि उरलेला तुकडा ऑक्सिजनला भिडून हवा तो रेणू देतो. त्याच नळीतून अवरक्त लेसरचा झोत आरशांवरून वारंवार फिरवलेला असतो. रेणूतील ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध सुमारे ११ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून कंप पावतो. प्रत्येक बंधाची कंपने वेगळी असल्याने शेजारच्या फॉर्माल्डिहाइडशी त्याची गल्लत होत नाही, आणि या पद्धतीचे खरे बळ इथेच आहे.

या झोताच्या तीव्रतेचा आलेख पडद्यावर उमटतो. स्पंद पडताच झोताची तीव्रता झपकन खाली येते आणि रेणू संपत जातील तशी काही मायक्रोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंतच्या अवधीत पूर्ववत होते. नळीत सल्फर डायऑक्साइड सोडला की हीच रेषा कितीतरी लवकर वर चढते, आणि त्या चढावरून अभिक्रियेचा वेग काढतात.

दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रासारख्या ठिकाणी कोळसा जळताना हाच सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. क्रीगे रेणू त्याला सल्फर ट्रायऑक्साइडमध्ये बदलतो, त्यापासून सल्फ्युरिक आम्ल बनते आणि त्याचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात. पावसाळ्यात मात्र पाण्याचे जोडरेणू, म्हणजे दोन-दोन जुळलेले पाण्याचे रेणू, क्रीगे रेणूला आधीच गाठतात. तापमान तेच असताना हवेतील बाष्प निम्मे झाले, तर हे जोडरेणू चौथ्या हिश्श्यावर येतात. म्हणून वैशाखातल्या भुसावळच्या कोरड्या हवेचे गणित श्रावणातल्या मोजमापावरून मांडता येत नाही. त्यासाठी नळी तापवून, बाष्प घटवून हाच आलेख नव्याने काढावा लागतो.