ऑक्सिजनच्या शेजारी निरांजन नको

नमस्कार श्रोतेहो.

आग भडकवणारे पदार्थ म्हटलं की आपल्याला रॉकेल, पेट्रोल, थिनर आठवतात. पण ही सगळी जळणं झाली. आज मला बोलायचं आहे ते स्वतः न जळता दुसऱ्याची आग भडकवणाऱ्या वायूविषयी. करोनानंतर तो कितीतरी घरांत आजी-आजोबांच्या पलंगाशेजारी येऊन राहिला आहे. तो म्हणजे ऑक्सिजन.

शाळेतला प्रयोग आठवत असेल. धुमसती काडी ऑक्सिजनच्या परीक्षानळीत धरली की भप्पकन पेटते. 1774 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी पाऱ्याचं लाल भस्म भिंगानं तापवून हा वायू मिळवला, तेव्हा त्यात मेणबत्तीची ज्योत इतकी प्रखर झाली की तेही चकित झाले.

असं का होतं? हवेत ऑक्सिजन 21 टक्के, नायट्रोजन 78 टक्के. नायट्रोजन जळण्यात भाग घेत नाही, पण ज्योतीची बरीच उष्णता स्वतः तापण्यात खाऊन टाकतो. तो कमी झाला की ती उष्णता शेजारच्या कापडाला, केसांना मिळते. मग एरवी विझून गेली असती अशी ठिणगीही पुरते. हवेतला ऑक्सिजन 24 टक्क्यांवर गेला तरी कारखान्यांत धोका मानतात. स्वतः जळत नाही म्हणून ऑक्सिजनला उत्प्रेरक मात्र समजू नका. उत्प्रेरक क्रिया वेगानं घडवतो आणि शेवटी होता तसाच उरतो. ऑक्सिजन आगीत खर्च होतो.

27 जानेवारी 1967. अमेरिकेत अपोलो यानाची जमिनीवरच रंगीत तालीम चालली होती. रॉकेटमध्ये इंधन भरलेलंच नव्हतं, म्हणून ही चाचणी कुणाला धोक्याची वाटली नाही. पण यानाच्या केबिनमध्ये शुद्ध ऑक्सिजन भरला होता, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबानं. आत नायलॉनच्या जाळ्या, वेल्क्रोच्या पट्ट्या. आग लागली आणि अर्ध्या मिनिटाच्या आत केबिन फाटली. दार आतल्या बाजूला उघडणारं. वाढलेल्या दाबापुढे ते उघडलंच नाही. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर गेले. पुढे उड्डाणापूर्वीच्या केबिनमध्ये 60 टक्के ऑक्सिजन आणि 40 टक्के नायट्रोजन भरू लागले.

आता आपल्या घराकडे येऊ. नाकातल्या नळीतून ऑक्सिजन सतत थोडा बाहेर सांडत असतो. तो उशीत, गोधडीत, दाढीत, केसांत मुरतो. मशीन बंद केलं तरी लगेच जात नाही. अशा वेळी रुग्णानं विडी पेटवली तर चेहरा भाजतो, नळी जळते, अंथरूण पेटतं. विडीचा धोका लोक ओळखतात तरी. मला जास्त काळजी वाटते ती प्रेमानं केलेल्या गोष्टींची. वाढदिवसाला नळी लावलेल्या आजोबांचं निरांजन ओवाळून औक्षण करतात. आरतीचं तबक पलंगापाशी आणतात. उशाशी उदबत्ती लावतात. कृपा करून हे करू नका. कुंकू लावा, अक्षता टाका, सुपारी आणि अंगठीनं ओवाळा. ज्योत मात्र निदान 10 फूट लांब राहू द्या. मशीन भाड्यानं देणाऱ्यांनी ही सूचना मराठीत, ठळक अक्षरांत मशीनवरच चिकटवायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

नळीनं नाक कोरडं पडतं, म्हणून खोबरेल किंवा व्हॅसलीन लावतात. ऑक्सिजनच्या शेजारी हे तेलकट पदार्थही जळणच, म्हणून तेही टाळा. पाण्यात विरघळणारं मलम मिळतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि सिलिंडर असेल तर तेलाला अजिबात जवळ येऊ देऊ नका. भरलेल्या सिलिंडरमध्ये हवेच्या सुमारे 150 पट दाब असतो. झडप झटक्यानं उघडली की पुढच्या चिंचोळ्या जागेतला वायू एकदम दाबला जाऊन तापतो, आणि तिथं तेलाचा किंवा ग्रीसचा ओशटपणा असेल तर काडी न ओढताही तो पेटू शकतो. म्हणून हात साबणानं धुऊन, पुसून मगच झडपेला लावा, ती हळूहळू उघडा. घट्ट बसली म्हणून तिच्यात तेल सोडू नका. पुरवठादाराला बोलावून सिलिंडर बदलून घ्या.

नमस्कार.