सीआरपी वाढलाय, पण कशामुळे?

गोव्यात बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, गरोदर बायकांच्या ओपीडीबाहेर सकाळी जरा उभं राहा. कोणी वाळपईहून आलेली, कोणी थेट काणकोणहून पहाटेची बस पकडून, आणि प्रत्येकीच्या हातात फाईल. फाईलमध्ये रक्ताचे रिपोर्ट, त्यातच सीआरपी, म्हणजे शरीरात इन्फ्लमेशन (सूज, जळजळ) असलं की रक्तात वाढणारं प्रोटीन, आणि जो आकडा मर्यादेबाहेर तो लॅबवाल्याने ठळक छापलेला. मग नवरा, सासूबाई, शेजारीण सगळे तोच आकडा मोबाईलवर शोधत बसतात, आणि तिथेच घोळ होतो, कारण ती छापलेली मर्यादा बहुतेक वेळा गरोदर नसलेल्या माणसाची असते.

पोटात बाळ असताना शरीरात थोडं इन्फ्लमेशन असतंच. पांढऱ्या पेशी एरवी 11 हजारांवर गेल्या की डॉक्टर इन्फेक्शन शोधतात, गरोदरपणात 15 हजार चालून जातात आणि कळा सुरू झाल्या की 20 हजारांच्याही वर जातात, तेही काही इन्फेक्शन नसताना. ईएसआर, म्हणजे लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ते मोजणारी टेस्ट, तर विचारूच नका, रक्तातलं फायब्रिनोजेन हे गोठवणारं प्रोटीन वाढलेलं असतं म्हणून तो आपोआपच चढतो.

आता सीआरपी. हे प्रोटीन लिव्हर तयार करतं, 1930 साली न्यूमोनियाच्या पेशंट्सच्या रक्तात पहिल्यांदा सापडलं. सिझेरियन झालं की दुसऱ्या दिवशी सीआरपी चांगलाच वर जातो, कारण ऑपरेशन म्हणजे जखमच ना. तो नंतर उतरायला लागला तर ठीक, उतरायचं सोडून परत चढायला लागला तर मात्र शोधाशोध करायची. एकटा आकडा बघून काय कळणार!

प्रीएक्लॅम्प्सियामध्ये, म्हणजे 20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 किंवा वर आणि सोबत लघवीतून प्रोटीन जातंय किंवा किडनी, लिव्हर असं काही बिघडतंय, गोष्ट सुरू होते वारेपासून. वारेला रक्त नीट पोचत नाही, मग ती आईच्या रक्तात नको ते पदार्थ सोडते आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर चिडतं. ऑक्सफर्डचे ख्रिस रेडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली मांडलं की गरोदरपणात जे इन्फ्लमेशन असतंच तेच इथे हाताबाहेर जातं. त्यामुळे सीआरपी, इंटरल्युकिन-6 (इन्फ्लमेशनचा निरोप देणारं प्रोटीन), न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं एकमेकांशी प्रमाण, सगळंच वर. आणि सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयवच बिघडायला लागतात तेव्हा? तिथेही हेच वर. प्लेटलेट दोन्हीकडे पडू शकतात, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन दोन्हीकडे वाढू शकतं, रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले तर पटकन ओळखूही येणार नाहीत.

पण उपचार उलटे आहेत, आणि खरी मेख इथे आहे. सेप्सिसमध्ये बीपी पडतं, सलाईन भराभर द्यावं लागतं, अँटिबायोटिक शक्य तर पहिल्या तासातच. प्रीएक्लॅम्प्सियात सलाईन हात राखून देतात, जास्त झालं तर पाणी फुप्फुसात भरतं, तिथे लागतं झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट, बीपीची औषधं, आणि शेवटी बाळंतपण, कारण वार बाहेर पडल्याशिवाय आजार हटत नाही. क्वचित एकाच बाईला दोन्ही असतात, बीपी मुळातच चढलेलं, मग सेप्सिसने ते पडून वरचा आकडा 120 झाला तर बघणाऱ्याला वाटतं नॉर्मल आलं.

प्रोकॅल्सिटोनिन ही रक्ताची आणखी एक टेस्ट बॅक्टेरियाचं इन्फेक्शन ओळखायला थोडं बरं, तरी तेही एकट्याने निकाल देत नाही. प्रीएक्लॅम्प्सियासाठी वेगळी टेस्ट आहे, वारेतून येणाऱ्या दोन प्रोटीनचं गुणोत्तर काढतात, ते 38 किंवा खाली आलं तर पुढच्या आठवड्यात हा आजार व्हायची शक्यता फार कमी. नर्सबाई मात्र अजूनही आधी श्वास मोजते, मिनिटाला 25 च्या पुढे गेला की लगेच डॉक्टरला हाक मारते, लॅबचा रिपोर्ट यायला वेळ असतो.

आणि बाळंत होऊन घरी आलं म्हणजे सुटलो असं नाही, दोन्ही आजार पुढच्या सहा आठवड्यांतही येऊ शकतात. जोरात डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, थंडी भरून ताप, धाप, घाण वासाचा स्राव, यातलं काहीही असलं तर चवथीचा (गणपतीचा) पाहुणचार तसाच सोडून 108 ला फोन करायचा.