खाडीचं पाणी फिरतं तेव्हा

[दृश्य: पौर्णिमेची पहाट. दिवाळे कोळीवाडा, बेलापूर. ओहोटीच्या गाळात टेकलेल्या होड्या.]

निवेदन: आज पौर्णिमा. भरती किती वाजता, हे विचारायला इथे कुणी मोबाईल उघडत नाही. तिथीची पाऊणपट करायची. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या सुमारास भरती. अष्टमी असती, तर सहा वाजता. खाडीच्या तोंडापासून आत यावं तसा थोडा उशीर धरायचा, एवढंच.

हा हिशोब पुढच्या वर्षीच्या पौर्णिमेलाही चालेल. ऊन ढगाआड जातं, वारा पडतो; भरती मात्र येतेच, रोज साधारण ५० मिनिटं उशिरानं. ठाण्याच्या खाडीतल्या या ये-जा करणाऱ्या पाण्यापासून वीज करायची म्हटली, तर नियोजन करणाऱ्याला याहून मोठं वरदान कुठलं?

[दृश्य: पाण्यात ताणलेलं डोल जाळं.]

डोल जाळं पाहा. ते माशांच्या मागे धावत नाही. खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी उभं करायचं, काम पाणी करतं. पाणी फिरायच्या आत ते ओढून घ्यायचं. पाण्याखालच्या टर्बाइनचं, म्हणजे पाण्याच्या जोरानं फिरून वीज करणाऱ्या पात्यांच्या चक्राचं तत्त्व मला यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही: एका जागी घट्ट उभं राहायचं आणि वाहत्या पाण्याकडून काम करून घ्यायचं.

पाणी हवेपेक्षा आठशेपटींहून अधिक जड. म्हणून पवनचक्कीपेक्षा लहान पाती पुरतात. पण खरी मेख वेगात आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर ताकद आठपट होते. निम्मा झाला, तर आठवा हिस्साच उरतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला पेंटलँडच्या सामुद्रधुनीत पाणी अक्षरशः धावतं. तिथे तळाशी बसवलेली चार टर्बाइनं मिळून ६ मेगावॅट क्षमतेची आहेत. त्यापुढे आपली खाडी संथ. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत तर आणखीच.

दुसरी रीत बंधाऱ्याची. भरतीचं पाणी अडवायचं, ओहोटीला टर्बाइनमधून सोडायचं. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर १९६६ पासून असं २४० मेगावॅटचं केंद्र चालू आहे. दक्षिण कोरियातलं सिह्वाही बंधाऱ्याचंच, २५४ मेगावॅटचं, २०११ चं; ते मात्र आत येणाऱ्या भरतीच्या पाण्यावर चालतं. आपल्याकडे खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक ११ मीटरपर्यंत जातो. देशातली सर्वांत मोठी शक्यता तिथेच, ठाण्याच्या खाडीत नाही.

[दृश्य: ऐरोली. ओहोटीनं उघडा पडलेला गाळ, त्यावर रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) थवे.]

आणि आपल्या खाडीत ही शक्यता नसलेलीच बरी, असं मी म्हणेन. रान्सचा बंधारा बांधताना मुख तीन वर्षं बंद होतं. आतलं जीवन जवळजवळ संपलं, सावरायला वर्षानुवर्षं गेली. आपल्या खाडीत हा गाळ दिवसातून दोनदा उघडा पडतो, म्हणून रोहित पक्षी इथे चरतात. कांदळवनाची मुळं याच पाण्याच्या ये-जा करण्यावर जगतात. २०१५ मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. इथे बंधाऱ्याचा विचारही नको.

[दृश्य: वाशीचा खाडीपूल. खांबांना वळसा घालून वाहणारं पाणी.]

मात्र बंधारा न घालता, वाहत्या पाण्यात तरंगतं छोटं टर्बाइन? त्यानं शहर उजळणार नाही. पण एखाद्या धक्क्यावरचे दिवे, मासळी टिकवण्यासाठी शीतपेटी, एवढ्यापुरतं ते चालेल का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. गाळ पात्यांत किती जाईल, शेवाळ आणि कालवं किती चिकटतील, जाळी कुठे अडकतील, हे आधी पाहायला हवं.

सुरुवात मोजण्यापासून करू. पुलाजवळ, अमावास्या ते अमावास्या, उधाणात आणि भांगात, पाण्याचा वेग नोंदवायचा. आणि वेग मोजायचं यंत्र नेमकं कुठे सोडायचं, हे दिवाळ्याच्या तांडेलांना, म्हणजे होड्यांच्या म्होरक्यांना विचारून.